कोयता आणि कोयंडा

दार जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेलं होतं. कडी जागेवर होती, पण ती ज्यात अडकायची तो कोयंडा चौकटीतून मुळासकट निघाला होता. बाभळीच्या चौकटीला तिथं मुठीएवढं भगदाड पडलेलं, आत लाकूड ताजं पिवळं. कुलूप आणि कोयंडा दोन्ही पंचनाम्यात गेले होते. "नवा बसवायचा का नाई ते कुणी सांगंना," आजी म्हणाली. "हात लावू नका म्हणले होते. मग नाईच लावला." अशानं आठ दिवस निघाले होते. रात्री आजी बाज दाराला आडवी लावायची आणि तिच्यावर बसून राहायची.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं हे दोन खणांचं घर. गावाचं नाव लिहीत नाही, घराचं तर नाहीच. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात आजी आणि नववीतला नातू. जानेवारीतली एक रात्र दोघं मुक्कामाला गेले, लेकीच्या घरी बारसं होतं म्हणून. सकाळी शेजारणीचा फोन आला, "दार उघडं दिसायलंय, आलात का तुमी?"

बीडमधल्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर मी बरीच वर्षं काम केलं. 'घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी आत प्रवेश केला' हे वाक्य किती वेळा लिहिलं याचा हिशेब नाही. फक्त गाव, तोळे आणि रोकड बदलायची. भादंवि 457 आणि 380 ही कलमं बोटांना पाठ होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली तशी ती 331 आणि 305 झाली. चोरीच्या इराद्यानं रात्री घर फोडलं तर कायद्यात 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. छापायला मात्र आम्ही चार ओळींच्या वर जागा कधी दिली नाही. आता तर तेवढीही मिळत नाही. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीडची गुन्हेगारी म्हटलं की खून, खंडणी आणि टोळ्या एवढंच सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येऊ लागलं. धारूरकडच्या आजीची पेटी फुटली याची बातमी कोण करतो?

त्या चार ओळी संपतात तिथून पुढं घरात काय होतं, हे मला कळलं ते माझं स्वतःचं घर फुटल्यावर. ते ओघात येईल.

आधी पेटीत काय होतं ते सांगतो. सुनेची दीड तोळ्याची बोरमाळ, कानातली फुलं-झुबे, एक मिनी गंठण, नातवाच्या कमरेचा चांदीचा करदोडा आणि आजीचे पन्नास-पन्नासच्या नोटांत बांधलेले काही हजार. दोन तोळ्यांच्या आसपास सोनं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे फार वाटणार नाही. इथं ते उसात मोजावं लागतं.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादमाकडं किती कोयते आहेत, एका कोयत्याला किती उचल दिली, अशी भाषा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. 2025 मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. लाखाला 366 नं भागलं तर 273 येतात. म्हणजे एक तोळा सोनं परत घ्यायचं तर 273 टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायचा. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोन टन धरले तरी साडेचार महिने झाले. म्हणजे अख्खा हंगाम, आणि तोही न खाता-पिता, उचल न फेडता. आजीच्या पेटीतून दोन हंगाम गेले. (दराचा जुना आकडा आणि टनांचा आकडा एकच निघाला तेव्हा मी पुन्हा भागून पाहिलं. बरोबर आहे.)

म्हणून या जिल्ह्यात सोनं हा दागिना कमी आणि रोजगाराचा साठा जास्त असतो. ते अंगावर घालून फडात जाता येत नाही, तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं. घरी ठेवावं तर घराला कुलूप.

आणि कुलूप बोलतं. दसरा झाला की वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टीकडच्या वाड्या-तांड्यांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं निघतात. दिवाळी कुणी घरी करतं, कुणी वाटेत. जिल्ह्यातून काही लाख माणसं साखरपट्ट्यात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गल्लीच्या गल्ली बंद राहते. दाराबाहेर मोठं पितळी कुलूप म्हणजे आत कोणी नाही, पाच महिने येणार नाही, असं लिहून टांगल्यासारखंच. चोराला टेहळणीची गरजच उरत नाही. काही घरांत म्हणून म्हातारी माणसं मागं ठेवतात. त्यांचं काम लेकरं सांभाळणं हे तर आहेच, पण दुसरं काम संध्याकाळी दिवा लावणं. घरात कुणीतरी आहे, हे दिसलं पाहिजे.

सकाळी सहाला सुनेला फोन गेला तेव्हा ती फडात होती. सातारा जिल्ह्यातला फड, तीनशे किलोमीटरच्या वर. घरी यायचं म्हणजे खाडा. एकानं खाडा केला तर कोयताच थांबतो, त्याची कपात होते, वर मुकादमाची बोलणी. शेवटी लेक एकटा आला, दोन दिवसांसाठी. सून तिथंच राहिली. आणि घोटाळा असा की पेटीत नेमकं काय होतं ते तिलाच माहीत होतं.

मग फिर्याद फोनवरून लिहिली गेली. ठाण्यात आजी बाकावर, लेक टेबलापाशी, फोन स्पीकरवर आणि तिकडून सून एकेक वस्तू सांगायली. बोरमाळ, फुलं-झुबे. गंठण म्हटल्यावर लेकानं मान वर केली. "कुठलं गंठण?" पलीकडून काहीच आवाज आला नाही. ते गंठण तिनं तीन हंगामांत, नवऱ्याला आणि सासूला न सांगता, माहेरच्या सोनाराकडं थोडे-थोडे पैसे टाकून केलं होतं. चोरांनी पेटी उघडली आणि सगळ्या घराला ते दिसलं. आजीच्या नोटांचं तसंच. त्या गाठोड्याची लेकाला खबर नव्हती. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हाही बायकांची गाठोडी अशीच उघडी पडली होती. बाईची बचत लपलेली असते तोवरच तिची असते, ती सापडली की घराची होते. हे गंठण तर सापडलंही नाही, फक्त कळलं. मी गेलो तोवर लेक फडात परतला होता आणि दोघं तिथं बोलत नव्हते, असं आजी म्हणाली. "सोनं गेलं ते गेलं. पर ती मला न सांगता करायली होती ह्याचंच लई वाईट वाटायलंय." थोडं थांबून म्हणाली, "म्या तरी कुठं सांगितलं होतं?"

दुसरा प्रश्न गावाचा. आजी त्या रात्री घरी नाही हे कुणाला माहीत होतं?

घरफोडीनंतर सगळ्यात लांब चालणारी गोष्ट हीच. पोलीस म्हणतात "माहीतगार असावा," आणि निघून जातात. ते वाक्य मात्र घरातच राहतं. बारशाचं निमंत्रण कुणाला होतं, जीपमध्ये कोण बसलं होतं, दळणाला गेल्यावर आजी कुणापाशी बोलली, नातवानं शाळेत कुणाला सांगितलं. नातवानं एका दोस्ताला सांगितलं होतं. तो दोस्त आता घरी येत नाही. कुणी त्याला काही बोललं नाही, तरी येत नाही. आजी जिच्याकडं रोज बसायची त्या शेजारणीनं दार उघडं असल्याचं पहिल्यांदा पाहिलं, म्हणून तिच्याबद्दलही कुजबुज. चांगुलपणानं फोन केला हेच तिच्या अंगावर आलं.

एका नातेवाइकानं देवऋषाकडं जायचं सुचवलं. तो तांदूळ टाकून चोराचं नाव काढतो म्हणे. आजी गेली नाही. अंधश्रद्धा नको वगैरे कारण नव्हतं. "त्यानं नाव काढलं आन ते गावातलंच निघालं तर मंग?" एवढं म्हणून तिनं विषय संपवला. मला वाटतं, त्या महिन्यात या प्रकरणात कुणी घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

पूर्वी या प्रश्नाला व्यवस्थेचं उत्तर होतं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल 1819 मध्ये अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचं काम आलं आहे. चोरी झाली की त्यानं चोराचा माग काढायचा. माग शिवेपलीकडं गेला तर पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा, मग जबाबदारी त्या गावाची. माग जिथं हरवेल त्या गावावर नुकसानीची भरपाई यायची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'तही (1915) हे राखणदार भेटतात. ती व्यवस्था गोड नव्हती, तिच्या ओझ्याखाली गरीब राखणदारच भरडला जायचा. पण तिच्यात एक गोष्ट होती: चोरी हे एका घराचं दुर्दैव नव्हतं, गावाचं देणं होतं. आज गावात 1967 च्या कायद्यानं नेमलेला पोलीस पाटील आहे. तो ठाण्याला खबर देतो, पंचनाम्याला उभा राहतो. देणं कुणाचंच नाही.

नंतर इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जातीच जन्मतः चोर ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या विमुक्त झाल्या, असं सरकारदप्तरी आहे. आष्टीकडं घर फुटलं की आजही पहिलं बोट पारध्यांच्या पालाकडं जातं, पुरावा नंतर. मी लिहिलेल्या बातम्यांतही 'सराईत' या शब्दाआड ते बोट असायचं, हे कबूल करायला हवं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी या बोटाखालचं आयुष्य 'उचल्या'त लिहिलं. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. उचल्या म्हणजे दुसऱ्याचं उचलणारा. आमच्या जिल्ह्यात 'उचल' म्हणजे मात्र मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, जे फेडता फेडता पुढचा हंगाम येतो. एकाच धातूचे दोन शब्द. उचल्यालाही आणि उचल घेणाऱ्यालाही गाव सोडून फिरावं लागतं, दोघांच्याही घराकडं कुणी नीट बघत नाही.

भीती कुठं जाऊ शकते ते 2024 च्या पावसाळ्यात आम्ही पाहिलं. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडच्या गावांवर रात्री ड्रोन फिरायला लागले. ड्रोननं घरं हेरतात आणि मग चोरी होते, अशी बोलवा उठली. गेवराईकडची माणसं काठ्या घेऊन पारावर बसू लागली. रात्रीच्या अनोळखी मोटारसायकली अडवल्या जाऊ लागल्या. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला, मुलं पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना जमावानं ठार मारलं होतं. त्यामुळं त्या पावसाळ्यात मी फोन वाजला की दचकायचो. आपल्याकडं तसं झालं नाही, एवढंच.

आता माझं घर. बीड शहरातलं, काही वर्षांपूर्वीचं. आम्ही लग्नाला गेलो होतो. आईच्या पाटल्या गेल्या. ज्या ठाण्यात मी फिर्याद दिली त्याचं नाव लिहीत नाही. तिथले लोक वाईट नव्हते, थकलेले होते. पाटल्या आईच्या लग्नातल्या, म्हणून किंमत त्या काळची लागली. कागदावर माझी चोरी एखाद्या जुन्या फटफटीएवढी झाली. ठसेतज्ज्ञ येऊन गेले. कपाटाच्या काचेवर ती काळी पूड कितीतरी महिने राहिली, कारण पुसायला कुणी तयार होईना. श्वानपथकाचा कुत्रा घरातून निघाला, कोपऱ्यावरच्या डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. तो नेहमी तिथंच थांबतो, हे मी स्वतः अनेकदा छापलेलं होतं.

मग माणसं भेटायला आली, दुखवट्याला येतात तशी. चहाच्या कपावर चहाचे कप. प्रत्येकानं तीन गोष्टी विचारल्या: किती गेलं, कुलूप कुठलं होतं आणि घरात सोनं ठेवलंच का. तिसऱ्या प्रश्नावर आई दर वेळी मान खाली घालायची. गुन्हा करणारा फरारी, म्हणून गुन्ह्याची लाज घरातल्या बाईच्या वाट्याला. वर्षभरानं एक पत्र आलं, 'अ' वर्ग समरी. पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ गुन्हा खरा, पण तपास लागत नाही. आईनं मला ते दोनदा वाचायला लावलं. 'गुन्हा खरा' इथं ती थांबली. सरकारनं लिहून दिलं होतं की आपण खोटं बोलत नाही. ते पत्र तिनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

या वाटेवर नव्यानं आलेल्यांना मी थोडं सांगत असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या 193 व्या कलमात आता लिहिलेलं आहे, ते विचारा. माल सापडला तर खटला संपेपर्यंत ठाण्याच्या कपाटात पडू देऊ नका. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलं आहे की फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन दागिने मालकाला लवकर परत करावेत. आता नागरिक सुरक्षा संहितेच्याच 497 व्या कलमात त्याला मुदतीही घातल्या आहेत. अर्ज मात्र आपण कोर्टात करायचा, कोणी घरी आणून देत नाही.

अडचण दुसरीच असते. सोनं सापडतं तेव्हा बहुतेक वेळा ते वितळवलेलं असतं. स्थानिक गुन्हे शाखेच्या पत्रकार परिषदेत टेबलावर पांढऱ्या कापडावर लगड ठेवलेली असते, तिच्यामागं पोलीस उभे राहून फोटो काढतात. बोरमाळ ओळखता येते. लगड कशी ओळखायची? ती पाच-सहा घरांची मिळून एक झालेली असते. एका मावशींना मी अशा लगडीकडं बघत उभं असलेलं पाहिलंय. "यात माझं कुठलं?" त्या विचारत होत्या. अधिकाऱ्यानं समजुतीनं सांगितलं, पावती असली तर वजनाप्रमाणं बघता येईल.

पावती! गावच्या सोनारानं वहीच्या पानावर लिहून दिलेला कच्चा चिठोरा म्हणजे पावती. एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा क्रमांक हवा असा नियम आहे. पण पेटीतलं बहुतेक सोनं त्याच्या आधीचं, सासूचं, सासूच्या सासूचं, तीनदा मोडून घडवलेलं.

मग ठेवायचं कुठं? बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली किंवा बँकेच्या माणसानंच लबाडी केली, तर 2022 पासून बँकेला वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. पण वाडीवरून बँक कुठं, आणि लॉकरचं भाडं भरणार कोण? सोनं मोडून पैसे ठेवावेत म्हणाल, तर ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेच्या ठेवीदारांना विचारा. घरात चोराची भीती म्हणून ज्यांनी तिथं ठेवलं, ते शाखांच्या बंद शटरपुढं उभे राहिले. तिथं कडी-कोयंडा कुणी तोडला नव्हता. आणि विमा? पीकविम्याच्या एका सूत्राला 2020 पासून देशभर 'बीड पॅटर्न' म्हणतात, इतका हा जिल्हा विम्यात मुरलेला. घरफोडीचा विमा काढलेलं घर मात्र मला वाड्या-वस्त्यांवर अजून भेटलेलं नाही.

झोपेचं काय करायचं ते कोणत्याच कागदात नाही. आमच्याकडं आई पुढं वर्षभर पहाटे तीनला उठून कपाटाला हात लावून यायची. धारूरच्या आजीचं तेच. मांजर पत्र्यावरून गेलं तरी उठून बसते. नातू अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिच्या बाजेवर बसतो आणि तिथंच कलंडतो. मन मोकळं करायला 14416 हा टेलिमानसचा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, असं मी नातवाला लिहून दिलं. त्यानं कुणाला फोन केला की नाही, विचारलं नाही. आजीला मी म्हणालो, झोप येत नसेल तर अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात दाखवू. ती हसली. "झोप आली तर राखण कोण करंल?"

कोयंडा शेवटी नवव्या दिवशी बसला. गावातल्या सुतारानं तो चौकटीला न ठोकता आरपार बोल्ट घालून, आतून नट आवळून बसवला. शंभराची नोट आजीनं पुढं केली, ती त्यानं घेतली नाही.

परवा पुन्हा गेलो. दारात पसारा होता, हंगामाची बांधाबांध. यंदाची उचल घेऊन झालेली. सून भाकरीचं पीठ गोणीत भरत होती. गंठणाचं तिच्यापाशी कुणी काढत नाही आणि तीही काढत नाही. गळ्यात काळी पोत, मण्यांची. मी आलो म्हटल्यावर नातवानं आतून एक कागद आणला, धारूरला झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलेला. बोरमाळीची सोनाराची चिठ्ठी. चोरांनी पेटीतलं सगळं जमिनीवर उलटं केलं तेव्हा ही तिथंच टाकून गेले होते. वजन, मजुरी, खाली सोनाराची सही, आणि कोपऱ्यात करंडा सांडला तेव्हा पडलेला कुंकवाचा डाग. पुसून मग लॅमिनेट करायचं ना, मी त्याला म्हणालो. "पुसलं तर अक्षरं जायली होती," तो म्हणाला.

आजीनं चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं.